आपले पूर्वसूरी इंग्रजी कसे शिकले?

मुलास मराठी शाळेत घालावे की इंग्रजी शाळेत, हा प्रश्न आज आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांत जून महिन्याच्या आधी चार-सहा महिने चर्चिला जातो. एक पक्ष म्हणतो, इंग्रजीवाचून पोट भरणार नाही. दुसरा पक्ष म्हणतो, मराठी गेली म्हणजे आपण आपले राहणार नाही. दोन्ही पक्ष आपापल्या समर्थनार्थ पूर्वजांचा दाखला देतात, परंतु त्या पूर्वजांनी इंग्रजी नेमकी कोणत्या रीतीने आत्मसात केली, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ती हकीकत मोठी उद्बोधक आहे. तिच्यातून आजच्या प्रश्नाचेही बरेचसे उत्तर मिळते, असे आम्हांस वाटते. म्हणून वाचकांच्या सेवेस ती यथामति सादर करीत आहोत.

फारसीचा पूर्वानुभव

इंग्रजी ही काही महाराष्ट्राच्या वाट्यास आलेली पहिली परभाषा नव्हे. तिच्यापूर्वी कित्येक शतके आपल्या दरबारात व दप्तरात फारसीचा अंमल होता. निजामशाही व आदिलशाही यांच्या चाकरीत असलेल्या मराठी मंडळींस फारसीचा परिचय ठेवणे भागच होते. पुढे मराठ्यांचे स्वतःचे राज्य झाले तरी दिल्ली, हैदराबाद इत्यादी दरबारांशी पत्रव्यवहार फारसीतच चाले. तो सांभाळणारा अधिकारी तो पारसनीस. हे पद पुढे आडनाव होऊन आजही आपल्यात नांदत आहे.

या दीर्घ सहवासाचा परिणाम मराठीवर किती खोल झाला, हे सांगण्यास कोणा पंडिताची गरज नाही. कागद, शाई, दप्तर, हिशेब, वकील, दावा, जमीन, बाजार हे सारे शब्द परके आहेत, असे आज आपल्या ध्यानीही येत नाही. शिवछत्रपतींच्या काळी मात्र ही गोष्ट चांगलीच ध्यानी आली होती. राज्याभिषेकानंतर त्यांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला. त्यात राज्यकारभारातील तेराशेहून अधिक परकीय शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. असा कोश रचावयाचा, तर रचणाऱ्यास दोन्ही बाजूंचे शब्द अचूक ठाऊक असावे लागतात. फारसी न जाणणाऱ्यास फारसी शब्दांस पर्याय देता येत नाही, आणि ज्याची स्वतःची भाषा दुबळी आहे त्यासही देता येत नाही. परभाषेचे खरे ज्ञान स्वभाषेच्या कामी कसे येते, याचे हे आपल्या इतिहासातील एक जुने उदाहरण होय.

परक्यांनी मराठी कशी आत्मसात केली

इंग्रजीकडे वळण्यापूर्वी नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आपल्या लोकांनी इंग्रजी शिकण्याच्या कितीतरी आधी इंग्रज मनुष्य मराठी शिकला होता. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली निधन पावेतो चाळीस वर्षे तेथेच राहिले. त्यांनी रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठी पुराणांच्या वळणावर रचलेला आहे. देवनागरी खिळ्यांची सोय नसल्यामुळे तो रोमन लिपीत छापावा लागला. कोंकणी भाषेचे त्यांनी रचलेले व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली प्रसिद्ध झाले. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता, हे उघडच आहे. परंतु परभाषेत ओवी लिहिण्याइतकी गती मिळविण्यास किती वर्षे आणि किती नम्रता लागते, याचा विचार केला म्हणजे त्या श्रमांपुढे मान लवते.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी मराठी व्याकरण १८०५ साली व मोडी लिपीतील कोश १८१० साली छापला. या कामी वैजनाथ पंडितांचे त्यांस साहाय्य होते. मुंबई इलाख्यात जेम्स मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्याने १८१८ पासून मराठी शब्द टिपून ठेवण्यास प्रारंभ केला. कँडी बंधू व अनेक शास्त्रीपंडित यांच्या साहाय्याने त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या साठ हजारांवर गेली. लोक त्यांस कौतुकाने 'मोलेसरशास्त्री' म्हणत. आज दोनशे वर्षे होत आली तरी जुन्या मराठी शब्दाचा अर्थ अडला म्हणजे अभ्यासकास याच कोशाकडे धाव घ्यावी लागते.

या सर्वांची रीत एकच होती. आधी शब्द जमवावयाचे, मग व्याकरणाचे नियम शोधावयाचे, मग जाणत्याजवळ बसून वाक्ये घडवावयाची आणि तपासून घ्यावयाची. एकट्याने कोणी शिकला नाही. प्रत्येक साहेबाच्या पाठीमागे एक शास्त्री उभा आहे, आणि त्या शास्त्रीबोवांची नावे बहुधा मागेच राहिली आहेत.

मुंबईतील पहिले वर्ग

१८१८ साली पेशवाई संपली आणि इंग्रजीची निकड एकदम वाढली. तत्पूर्वी मुंबई बेटात दुभाष्याचे काम करणारे थोडे लोक होते. नारायण शेणवी हे १६७४ साली हेन्री ऑक्झिंडेन यांजबरोबर दुभाषी म्हणून रायगडावर गेले होते, ही गोष्ट इतिहासप्रसिद्धच आहे. तथापि बोलण्यापुरती तोडकीमोडकी इंग्रजी निराळी आणि ग्रंथ वाचण्या-लिहिण्याची इंग्रजी निराळी. ही दुसरी इंग्रजी शिकण्यास १८२० नंतर प्रारंभ झाला.

त्या वेळी गव्हर्नर असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१८१९ ते १८२७) यांचे धोरण असे होते की, सामान्य लोकांचे शिक्षण देशभाषांतूनच व्हावे आणि ज्यांस हवी असेल त्यांस इंग्रजीची सोय असावी. शाळा व शालेय पुस्तके यांकरिता स्थापन झालेल्या संस्थेत सदाशिव काशिनाथ छत्रे हे एतद्देशीय चिटणीस होते. लोक त्यांस बापू छत्रे म्हणून ओळखत. इंग्रजी शिकलेल्या आपल्या पहिल्या थोड्या लोकांत त्यांची गणना होते. इंग्रजी येताच त्यांनी काय केले? १८२८ साली त्यांची 'बाळमित्र' व 'इसापनीतिकथा' ही पुस्तके निघाली, आणि मराठी मुलांच्या हाती गोष्टींची छापील पुस्तके पडली. १८३० साली ते निवर्तले. इंग्रजीच्या ज्ञानाचा पहिला लाभ अशा रीतीने मराठी बालकास झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

एल्फिन्स्टन साहेब १८२७ साली स्वदेशी परतले. त्या प्रसंगी मुंबईकरांनी त्यांच्या स्मरणार्थ दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी जमविला. पुतळ्यावर समाधान न मानता इंग्रजी भाषा व पाश्चात्त्य शास्त्रे शिकविणारे प्राध्यापक आणण्याचे ठरले, आणि त्यानुसार ऑर्लेबार व हार्कनेस हे दोन प्राध्यापक १८३५ साली विलायतेहून आले. नाना शंकरशेट यांच्यासारख्या धुरीणांचा त्या कार्यास मोठा आधार होता.

या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये अध्यापक म्हणून नेमले गेलेले पहिले एतद्देशीय विद्वान म्हणजे बाळशास्त्री जांभेकर. कोकणातील पोंभुर्ले हे त्यांचे गाव. जन्म १८१२ सालचा. घरी वेदशास्त्राचे संस्कार घेऊन ते बालवयात मुंबईस आले आणि थोड्याच वर्षांत इंग्रजीत पारंगत झाले. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी 'दर्पण' पत्र सुरू केले, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. या पत्राची मांडणी आजच्या वाचकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. एकाच पृष्ठावर दोन स्तंभ, एकात इंग्रजी व दुसऱ्यात मराठी. इंग्रजी शिकू इच्छिणाऱ्या देशबांधवाने एका डोळ्याने हा स्तंभ व दुसऱ्या डोळ्याने तो स्तंभ वाचावा आणि मजकुराबरोबर भाषाही उचलावी, अशी ती सोय होती. वर्तमानपत्र हे वर्तमानपत्र तर होतेच, शिवाय ते एक पाठ्यपुस्तकही होते.

याच बाळशास्त्र्यांनी १८४५ साली ज्ञानेश्वरीची छापील प्रत प्रथम सिद्ध केली. इंग्रजी विद्येचा आद्य अध्यापक आणि छापील ज्ञानेश्वरीचा आद्य संपादक ही एकच व्यक्ती आहे! इंग्रजी शिकल्याने मनुष्य स्वभाषेस पारखा होतो असे मानणाऱ्यांनी, आणि इंग्रजी येण्यास मराठी सोडावी लागते असे मानणाऱ्यांनीही, या एका गोष्टीवर थोडे थांबून विचार करावा. १८४६ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, बाळशास्त्री कालवश झाले.

त्यांच्याच पिढीतील दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४ ते १८८२) यांची हकीकतही अशीच आहे. इंग्रजी शिकत असता त्या भाषेचे व्याकरण कसे रेखीव मांडलेले असते, हे त्यांच्या दृष्टीस पडले. आपल्या भाषेचे असे व्याकरण का असू नये, या विचारातून १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' अवतरले आणि दादोबांस मराठीचे पाणिनी ही पदवी लोकांनी बहाल केली. पुढे त्यांनी मोरोपंतांच्या केकावलीवर 'यशोदापांडुरंगी' नावाची विस्तृत टीका लिहिली, आणि १८७८ साली स्वीडनबोर्ग या पाश्चात्त्य तत्त्वचिंतकाविषयी इंग्रजीत पुस्तकही प्रसिद्ध केले. एका हाताने मोरोपंत व दुसऱ्या हाताने स्वीडनबोर्ग पेलणारा हा पुरुष व्यवसायाने शिक्षक होता, याचा आम्हां शिक्षकवर्गास विशेष अभिमान वाटल्यावाचून राहत नाही.

आज आपण मराठी लिहिताना जो स्वल्पविराम, अर्धविराम व प्रश्नचिन्ह घालतो, तेही याच देवघेवीचे फळ आहे. जुन्या पोथ्यांत दंडाखेरीज फारशी चिन्हे नसत. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक काढून ती पद्धती रूढ केली. परभाषेकडून घ्यावयाचे ते असे घ्यावे की, पुढच्या पिढीस ते घेतल्याची आठवणही राहू नये.

१८४७ चा वाद

१८३५ साली मेकॉलेसाहेबांचे प्रसिद्ध टिपण कलकत्त्यास लिहिले गेले आणि इंग्रजीच्या पक्षास जोर चढला. मुंबईत हा वाद बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये रंगला. अध्यक्ष सर एर्स्किन पेरी यांचा आग्रह असा की, सरकारी पैसा मुख्यतः इंग्रजीतून दिल्या जाणाऱ्या शिक्षणावर खर्चावा. कर्नल जर्व्हिस व नाना शंकरशेट यांनी त्यास विरोध केला. नानांनी १८४७ साली आपले मत लेखी नोंदविले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, ज्ञान बहुजनांपर्यंत पोहोचवावयाचे तर ते त्यांच्या भाषेतूनच पोहोचेल. इंग्रजी शिकण्यास जो वेळ व द्रव्य लागते, ते फार थोड्यांजवळ असते.

येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, नाना शंकरशेट हे इंग्रजीचे वैरी मुळीच नव्हते. ते स्वतः इंग्रजी उत्तम जाणत, आणि मुंबईतील इंग्रजी शिक्षणाच्या बहुतेक सर्व संस्थांस त्यांचा हातभार लागलेला आहे. ज्यास इंग्रजी येत होती तोच मराठीचा कैवार घेत होता. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्याने अखेर तडजोड केली. उच्च शिक्षण इंग्रजीतून आणि सर्वसामान्यांचे शिक्षण देशभाषांतून व्हावे, असे ठरले. कागदावर तडजोड झाली खरी, परंतु नोकरीची गाठ इंग्रजीशी बांधली गेल्यामुळे प्रत्यक्षात पारडे कोणीकडे झुकले, हे सूज्ञांस सांगणे न लगे.

दार कोणास उघडले, कोणास नाही

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत लिहिताना एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. या नव्या विद्येचा लाभ आरंभी शहरातील व वरच्या मानल्या गेलेल्या थोड्या जातींस झाला. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलास प्रवेश नाकारण्यात आला, ही नोंद इतिहासात कायमची राहिली आहे. दाराच्या आत गेलेल्यांनी मागून येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवले, असे म्हणण्याचे धारिष्ट आम्हांस होत नाही.

ज्यांनी ते दार स्वतःच्या बळावर ढकलून उघडले, त्यांच्या हाती इंग्रजीचे रूपच पालटले. जोतीराव फुले हे १८४१ ते १८४७ या काळात पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. टॉमस पेनचे ग्रंथ त्यांच्या वाचनात आले. त्या वाचनाने त्यांस अर्जनविशी सुचली नाही. १८४८ साली मुलींची शाळा सुचली. १८७३ च्या त्यांच्या 'गुलामगिरी' या ग्रंथाची एक प्रस्तावना इंग्रजीत व ग्रंथ मराठीत आहे. राज्यकर्त्यांस सांगावयाचे ते त्यांच्या भाषेत आणि आपल्या माणसांस सांगावयाचे ते आपल्या भाषेत, अशी ही सरळ विभागणी होती. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी इंग्रजीत निवेदन दिले आणि त्यात मागणी केली ती बारा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही, म्हणून त्यांस फारसी घ्यावी लागली. स्वदेशीची देवभाषा बंद आणि परदेशीच्या भाषा खुल्या, असा तो विपरीत काळ होता. त्यांचे वडील रामजी सुभेदार यांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके व तर्खडकरांच्या भाषांतरमाला त्यांजकडून घोटून घेतल्या, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले आणि १९१३ साली अमेरिकेस गेले. इंग्रजीत जगन्मान्य ग्रंथ लिहिणाऱ्या या पुरुषाने १९२० साली पत्र काढले ते 'मूकनायक', आणि ते मराठीत.

स्त्रियांची वाट तर याहून बिकट होती. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली, वयाची अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी, श्रीरामपूर येथे भरसभेत इंग्रजीत भाषण करून आपण अमेरिकेस का जात आहोत ते सांगितले, आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. रमाबाई रानडे यांनी घरातील वडील स्त्रियांचा रोष सोसून इंग्रजीचे धडे गिरविले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक मात्र मराठी गद्याचे भूषण ठरले. पंडिता रमाबाई यांनी १८८७ साली हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी इंग्रजीत पुस्तक लिहून अमेरिकेस आपली व्यथा सांगितली, आणि १८८९ साली अमेरिकेचे वर्णन मराठीत लिहून आपल्या लोकांस ती भूमी दाखविली. उतारवयात हिब्रू व ग्रीक या भाषा साध्य करून त्यांनी मूळ बायबल सोप्या मराठीत आणले. जाणे आणि परत येणे या दोन्ही वाटा त्यांनी खुल्या ठेवल्या.

भाषांतराची तालीम

एवढी माणसे इतक्या भिन्न परिस्थितींतून आली. त्यांस समान असे काय होते? आमच्या मते एकच गोष्ट समान होती, ती म्हणजे भाषांतराची तालीम. इंग्रजी उतारा घ्यावयाचा, त्याचा अन्वय लावावयाचा, तो चांगल्या मराठीत उतरवावयाचा. काही दिवसांनी मूळ न पाहता त्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी करावयाची आणि मुळाशी ताडून पाहावयाची. तर्खडकरांच्या भाषांतरमालेचे तीन भाग ज्यांनी निष्ठेने सोडविले, त्या पिढ्यांच्या हाती हीच किल्ली होती. या पद्धतीवर दोष दिला जातो की, तिने लिहिता येई पण बोलता येत नसे. तो दोष काही अंशी खरा आहे. बोलणाऱ्यांच्या सहवासावाचून उच्चार व बोलण्याचा सराव होत नाही, आणि खेड्यातील विद्यार्थ्यास तो सहवास कोठून मिळणार? तरीपण या तालमीचा एक गुण फार मोठा होता. तिच्यात दोन्ही भाषा एकदम घासल्या जात. मराठीत नेमके काय म्हणावयाचे हे ठाऊक झाल्यावाचून इंग्रजीचे वाक्य पुढे सरकतच नसे.

याच तालमीतून एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य घडले. संस्कृत पाठशाळेतील अध्ययन पुरे करून मग इंग्रजीकडे वळलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी जॉन्सनचे 'रासेलस' मराठीत आणले. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली 'ऑथेल्लो' आणले. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले. कृष्णशास्त्र्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली, आणि इंग्रजी वळणाने बिघडलेल्या मराठीवर कोरडे ओढले. ते कोरडे ओढण्याचे सामर्थ्य त्यांस जॉन्सन व मेकॉले यांच्या वाचनातूनच आले होते, हेही विसरता कामा नये.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८६२ साली रानडे, भांडारकर, वागळे व मोडक हे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. पुढे काही वर्षांतच उच्च परीक्षांतून मराठी वगळली गेली. तिला तेथे पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे आयुष्याच्या अखेरपर्यंत झटत राहिले. ज्यांचा 'मराठी सत्तेचा उत्कर्ष' हा ग्रंथ इंग्रजीत आहे, त्यांनीच ही खटपट केली. उलट इतिहासाचार्य राजवाडे यांनी पदवीधर असूनही आपले सारे संशोधन मराठीतच लिहिण्याचा नेम धरला. मार्ग दोघांचे भिन्न होते, तरी दोघांचीही दोन्ही भाषांवर हुकमत होती.

परंतु त्याच काळात दुसराही एक वर्ग निर्माण होत होता. इंग्रजी शिकावयाची ती परीक्षेपुरती आणि परीक्षा द्यावयाची ती कारकुनीपुरती, असा त्याचा बाणा. या वर्गास इंग्रजीत अर्ज लिहिता येई पण विचार मांडता येत नसे, आणि मराठीत विचार करता येई पण तो लिहून काढण्याची सवय उरली नव्हती. भाषा भाकरीसाठी शिकण्यात काही गैर नाही. परंतु भाकरीपलीकडे तिचा काही उपयोगच ठेवला नाही, तर भाकरीही पुढे कोरडी मिळते.

आजची स्थिती आणि आपले कर्तव्य

इंग्रजीस वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. दूध खरेच पौष्टिक आहे, परंतु ते पचविण्यास कोठा आधी तयार असावा लागतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी विषय सुरू झाला. खाजगी इंग्रजी शाळा तर आता तालुक्याच्या गावीही झाल्या आहेत. शिक्षकी पेशात आम्ही जी वर्षे काढली, त्यांत आमच्या नजरेस पुन्हा पुन्हा आलेली गोष्ट अशी की, ज्या मुलाचे मराठी वाचन दांडगे असे, त्याची इंग्रजीही दोन-तीन वर्षांत मार्गास लागे. ज्याची मराठी कच्ची, त्याची इंग्रजी घोकंपट्टीच्या पुढे जात नसे. आज अशी मुले भेटतात की जी इंग्रजी झरझर बोलतात, पण त्याच गोष्टीचे चार ओळींचे पत्र ना इंग्रजीत नीट लिहू शकतात ना मराठीत. आजीस पत्र लिहावयाचे तर भ्रमणध्वनीवर रोमन अक्षरांत मराठी लिहितात. स्टीफन्ससाहेबांस खिळे नव्हते म्हणून रोमन लिपी वापरावी लागली. आपणांस तर सारी अक्षरे उपलब्ध आहेत!

ही गोष्ट केवळ भावनेची नव्हे. ज्ञातीच्या घरोघरी जमिनीचे कागद, खरेदीखते, वडिलांची पत्रे व रोजनिश्या आहेत. आपल्यासारख्या संस्थांच्या दप्तरी जुनी इतिवृत्ते, वंशावळी व हिशेबाच्या वह्या आहेत. त्यांतील जुने कागद मोडीत, बाकीचे सारे मराठीत. ते वाचणारे हात आज पिकले आहेत. पुढची पिढी हे कागद उघडून पाहील आणि तिला ते वाचता येणार नाहीत, तर आपल्या ज्ञातीचा इतिहास आपल्याच कपाटात मुका होऊन पडेल. दुसऱ्या बाजूस, ज्या गरीब घरातील मुलास इंग्रजीचा आधार देणारे कोणी नाही, तो आजही कचेरीच्या व महाविद्यालयाच्या दाराबाहेर ताटकळत उभा आहे. नानांनी १८४७ साली सांगितलेली वेळेची व द्रव्याची अडचण अद्याप संपलेली नाही.

अनेक ज्ञातिसंस्थांच्या स्थापनेमागे एके काळी एक मोठी प्रेरणा होती. होतकरू मुलास इंग्रजी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यावी, त्याची शहरात राहण्याजेवण्याची सोय करावी, ही ती प्रेरणा. ते कार्य त्या काळी योग्यच होते. आता त्यास जोड हवी. या संबंधात मंडळाच्या विचारार्थ आम्ही तीन सूचना नम्रपणे करतो. पहिली, मंडळाच्या वास्तूत आठवड्यातून दोन सायंकाळी भाषांतराचा वर्ग चालवावा. इंग्रजी उतारा मराठीत व मराठी उतारा इंग्रजीत, एवढाच त्याचा अभ्यासक्रम असावा, आणि कोणत्याही ज्ञातीच्या मुलास त्यास मज्जाव नसावा. दुसरी, शिष्यवृत्तीच्या रकमेबरोबर प्रत्येक विद्यार्थ्यास एक चांगला इंग्रजी-मराठी कोश भेट द्यावा. तिसरी, दप्तरातील जुन्या इतिवृत्तांपैकी निवडक भाग तरुण मुलामुलींकडून लिहून काढून घ्यावा व त्याचे इंग्रजी भाषांतरही त्यांच्याकडूनच करवून घ्यावे. म्हणजे परदेशी स्थायिक झालेल्या ज्ञातिबांधवांच्या मुलांसही आपले मूळ वाचता येईल. या तिन्ही गोष्टींस फार मोठा खर्च नाही. निवृत्त शिक्षक प्रत्येक ज्ञातीत आहेत, आणि त्यांस शिकविण्याखेरीज दुसरी हौस नसते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद आपण सर्वांनी मानला. परंतु दर्जा सरकार देते, भाषा मात्र घराने जपावयाची असते. बाळशास्त्र्यांच्या 'दर्पणा'चे ते दोन स्तंभ डोळ्यांपुढे आणावे. त्यांतील एक स्तंभ पुसून दुसरा वाढविण्याचा विचार त्या वीस वर्षांच्या तरुणाच्या मनास शिवला नाही. आपल्या मुलांच्या मनाच्या पानावरही हे दोन्ही स्तंभ शेजारी शेजारी सुवाच्य अक्षरांत उमटावेत, आणि त्यासाठी आपल्या ज्ञातीने यथाशक्ति झटावे, एवढीच श्रीचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.